अजून सुरू व्हायचंय

आमच्या पुतण्यानं लावलेलं गाणं कधी सुरू झालं आणि कधी संपलं, हे घरात कुणालाच कळत नाही. आधी नुसतं धप् धप् धप् धप् येतं. दोन मिनिटांनी त्यात च्यक् च्यक् मिसळतं. चौथ्या मिनिटाला खालून घूं असा आवाज उठतो आणि आमचे थोरले बंधू विहिरीवरची मोटार कुणी चालू केली ते बघायला पायात चपला सरकवतात. सहाव्या मिनिटाला सगळं एकदम गप्प होतं. मी सरसावून बसतो. एवढी तयारी झाली म्हणजे आता कुणीतरी गाणार. कुणी गात नाही. पुन्हा धप् धप् सुरू होतं, आवाज आले तसे एकेक करून निघून जातात आणि पुतण्या डोळे मिटून मान हलवत म्हणतो, "काय बिल्ड होता ना, तात्या!"

"मग लाव की आता," मी म्हणतो.

"संपलं ते."

याला प्रोग्रेसिव्ह हाऊस म्हणतात. मिनिटाला सव्वाशेच्या आसपास ठोके, एकेक गाणं सात-आठ मिनिटांचं, आणि ते संपायच्या आत दुसरं त्याच्या पोटात असं सरकवायचं की सांधा कुणाला दिसता कामा नये. नामांकित डीजे म्हणे रात्र-रात्र असे सांधे लपवत वाजवतात. अर्जेंटिनात एर्नान कातानेओ म्हणून एक आहेत, ते संध्याकाळी उभे राहिले की दुसऱ्या दिवशीच खाली उतरतात. आमच्याकडं एवढा वेळ फक्त कारखान्याची वार्षिक सभा चालते.

बंधूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "म्हंजे आपला नीरा डावा कालवाच की रं. पाणी सुटलं म्हणून पेपरात येतं, बारामतीकडची रानं भिजत्यात, आन आपल्याकडं टेलला येईस्तवर आवर्तन बंद."

आमचं गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर, इंदापूर तालुक्याच्या हद्दीत. पोरगं इंजिनीअरिंगला पुण्यात घातलं आणि तिथंच ग्रह फिरले असं वहिनींचं म्हणणं आहे. मी मात्र दोष भूगोलाला देतो. २००७ साली गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेला सनबर्न नावाचा उत्सव २०१६च्या डिसेंबरात गोवा सोडून थेट पुणे जिल्ह्यात, वाघोलीजवळच्या केसनंदला आला. गोव्याला जाऊन बिघडायचं तर भाड्याला पैसे लागतात, घरी काहीतरी कारण सांगावं लागतं. इथं जिल्ह्यातल्या जिल्ह्यात सोय झाली. पोरगं "मित्राकडं सबमिशन लिहायला जातोय" म्हणून गेलं आणि परत आलं ते मनगटाला रंगीत पट्टा बांधून. तो पट्टा पुढं कित्येक महिने त्यानं काढला नाही. वहिनींना वाटलं, शनीचा आहे.

त्यानंतर घरात दोन नव्या माणसांचा उल्लेख सुरू झाला, साशा आणि जॉन डिग्वीड.

"साशा कुणाची रं?" वहिनींनी सावधपणे विचारलं. पोरगं लग्नाच्या वयाचं, चौकशी करणं भाग होतं.

"अगं, बाप्या आहे तो. वेल्सचा."

वहिनींचा जीव भांड्यात पडला, पण पूर्ण नाही.

मग आम्हांला मॅन्सफील्डचं पुराण ऐकावं लागलं. मॅन्सफील्ड हे इंग्लंडमधलं कोळशाच्या खाणींचं गाव. लंडनच्या माणसाला त्याचं नाव सांगितलं तर तो "ते नक्की कुठं आलं?" म्हणणार. १९९२ साली तिथं 'रेनेसान्स' या नावानं क्लबच्या रात्री सुरू झाल्या, साशा आणि डिग्वीड तिथं वाजवायला लागले आणि बघता बघता लांबलांबून लोक गाड्या भरभरून त्या आडगावी यायला लागले. १९९४ साली दोघांचा तीन सीड्यांचा संच निघाला आणि हे संगीत जगभर गेलं.

"सांगा ना तात्या, मॅन्सफील्डला होतं तर इंदापूरला का नाही?"

"त्यांच्याकडं कोळसा होता."

"आपल्याकडं ऊस आहे."

यावर मला उत्तर सुचलं नाही. पोरगं पुढं म्हणालं, "आपल्या तालुक्यात वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटचे भाग तयार होतात. आणि आपल्याला एक धड क्लब जमत नाही?"

बारामतीचा विषय निघाला की तो मोरोपंतांवर येतो. अठराव्या शतकात पंतांनी बारामतीत बसून एकशे आठ रामायणं रचली. एक तर निरोष्ठ, म्हणजे प, फ, ब, भ, म असं ओठ मिटून म्हणायचं एक अक्षर त्यात नाही. "कथा तीच, राम तोच, रावण तोच," पुतण्या म्हणतो, "प्रत्येक वेळी नुसतं एखादं बटण फिरवलंय. एकशे आठ रिमिक्स, तात्या! आणि लोक मला म्हणतात तुझी सगळी गाणी सारखीच वाटतात." मी मराठीचा अभिमानी माणूस, त्यामुळं मला राग यायला हवा होता. पण मी पंतांचं त्यांतलं एकही रामायण वाचलेलं नसल्यामुळं राग कुठून धरावा हेच कळेना. शेवटी एवढंच म्हणालो, "पंतांना बारामतीच्या नाईकांचा आश्रय होता. तुला कोण देणार?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी लगेच रेडिओ लावला.

आता आमच्या भागात डीजेंचा दुष्काळ आहे असं नाही. उन्हाळ्यात लग्नसराईला बारामतीच्या कोणत्याही चौकात उभं राहा, आयशर टेम्पोवर रचलेली काळ्या खोक्यांची भिंत हळूहळू तुमच्याकडं येताना दिसेल. खाली बेस, वर टॉप, मागं जनरेटर, पुढं शार्पी लाईटा, आणि सगळ्यांत वर बांबू घेऊन उभा असलेला एक पोरगा. रस्त्यावर आडवी आलेली विजेची तार बांबूनं उचलायची, खालून टेम्पो जाऊ द्यायचा, तार अलगद सोडायची, हे त्याचं काम. अख्ख्या वरातीत तालात काम करणारा तो एकटाच माणूस असतो. गाणी लावायला टेम्पोच्या केबिनमागं एक जण लॅपटॉप घेऊन बसतो, त्याला ऑपरेटर म्हणतात. त्यामुळं पुतण्यासाठी मुलगी बघायला सुरुवात केल्यावर बोलणी अशी व्हायची:

"मुलगा काय करतो?"

"डीजे आहे."

"अरे वा. किती बेसचा?"

"नाही, म्हणजे तो स्वतःच डीजे आहे."

"बरं, स्वतःचा हाय. मग टेम्पो भाड्याचा का?"

शेवटी बंधू वैतागून "पोरगं इंजिनीअर हाय" असं सांगायला लागले. मग पाव्हणे विचारायचे, "जागा कुठं निघाली?" आणि गाडी पुन्हा डीजेवर यायची.

पहिली सुपारी घरातलीच होती. बंधूंच्या मेहुण्याच्या मुलाचं लग्न. भाच्यानं पैसे मागायचे नसतात आणि भाच्याला द्यायचेही नसतात, या नात्याच्या नियमानं व्यवहार ठरला. टेम्पो गावातलाच. त्याच्या मालकानं पुतण्याचं ते दोन चकत्यांचं मशीन बघितलं, त्यावरची बटणं बघितली आणि प्रेमानं म्हणाला, "दादा, एवढं काय करू नका. पेनड्राइव्ह लावा आन हात वर करा. पोरं नाचत्यात."

पुतण्यानं ऐकलं नाही. नवरदेव घोड्यावर, करवल्या मागं, नाचणारी पोरं शर्टाची वरची बटणं काढून तयार, आणि यानं डिग्वीड पद्धतीनं सुरुवात केली. धप् धप् धप् धप्. तीन मिनिटं झाली. पोरं कमरेवर हात ठेवून उभी. एकानं टेम्पोवर थाप मारून विचारलं, "चालू हाय का टेस्टिंग?" तेवढ्यात नवरदेवाचे मामा शंभराची नोट नाचवत पुढं आले. "हलगी लाव!"

"मामा, जरा दम धरा. हा एक प्रवास असतो."

"प्रवास करूनच आलोय, सकाळपास्नं. हलगी लाव."

सहाव्या मिनिटाला नियमाप्रमाणं सगळे आवाज काढून घेतले गेले. याला जाणकार ब्रेकडाउन म्हणतात. टेम्पोच्या मालकानंही तेच म्हटलं आणि जनरेटरकडं धाव घेतली. बांबूवाला पोरगा खाली उतरून वायरी हलवायला लागला. घोडा इतका वेळ या आवाजाला मन घट्ट करून उभा होता, तो शांतता होताच बिथरला आणि नवरदेवासह आलेल्या वाटेनं परत निघाला. खरी गंमत कार्यालयात झाली. वाजवायचं थांबलं म्हणजे नवरदेव दारात आला, हा गुरुजींचा आयुष्यभराचा अनुभव. त्यांनी माईक हातात घेऊन मंगलाष्टकं सुरू केली. लोकांनी अक्षता टाकल्या. वाढपी पंक्ती मांडायला पळाले. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरी होती, दुसऱ्या बाजूला छायाचित्रकार. नवरदेव तेव्हा कारखान्याच्या रस्त्याला लागला होता.

त्या लग्नानंतर मेहुण्यांकडून आमच्याकडं दिवाळीचा फराळ यायचा बंद झाला.

"मला वरातीत वाजवायचंच नाही," पुतण्या म्हणाला. "मी स्वतःची रात्र उभी करणार. प्रमोटर होणार."

प्रमोटर हा काय प्रकार ते त्यानं समजावलं. जागा ठरवायची, डीजे ठरवायचा, लोक गोळा करायचे, दारावर पैसे घ्यायचे. पुण्यात कोरेगाव पार्कात म्हणे प्रमोटरच्या हातात पाहुण्यांची यादी असते. यादीत नाव असलं की आत, नसलं की बाहेर. माणसं पाया पडली तरी दारावरचा पैलवान हलत नाही.

मी आयुष्यभर एका पतसंस्थेत वसुलीला होतो. थकबाकीदाराच्या दारात बसून चहा न घेता उठायचं माझं कसब पंचक्रोशीत माहीत होतं. त्यामुळं दारावर कोणी उभं राहायचं हा प्रश्न माझ्याकडं बघूनच सुटला.

क्लब नव्हता, म्हणून एक मंगल कार्यालय घेतलं. चातुर्मासात कार्यालयं रिकामी असतात आणि भाडं निम्म्यावर येतं. पुण्याहून आलेला पाहुणा डीजे 'वधूपक्ष' पाटी असलेल्या खोलीत बसला, ध्वनियंत्रणावाले 'वरपक्ष' मध्ये. स्टेजवर सिंहासनाच्या दोन खुर्च्या होत्या. त्या हलवायला कार्यालयाचा व्यवस्थापक तयार होईना, म्हणून यंत्रं त्यांच्यावरच मांडली.

आता फ्लेक्स. पुतण्याच्या डोक्यात काळ्या कापडावर बारीक पांढरी अक्षरं, बाकी काही नाही, असला कसलातरी विलायती नमुना होता. प्रिंटिंगवाल्यानं तो बघितला आणि विचारलं, "कोण वारलं?" मग फोटो आले. फोटो म्हटले की मान आला. वर मोठे साहेब, त्यांच्या खाली दादा, ताई, मग तालुक्याचे भाऊ. पण तालुक्याला भाऊ दोन गटांचे, त्यामुळं दोघांची डोकी फूटपट्टीनं मोजून सारख्या उंचीची घ्यावी लागली. त्याखाली सोसायटीचे अध्यक्ष, दूध संघवाले, आजी-माजी सरपंच. तळाला शुभेच्छुकांची चिल्लीपिल्ली तीन ओळींत. डीजेचा फोटो कुठं घालायचा म्हणून बरीच शोधाशोध झाली आणि शेवटी उजव्या कोपऱ्यात, 'मंडप व जनरेटर' या मजकुराच्या वर, एक इंचाची जागा निघाली.

मला या दिखाऊपणाचा तिटकारा आहे आणि तसं मी बोलूनही दाखवलं. फ्लेक्स चौकात लागल्यावर त्यात 'मार्गदर्शक' म्हणून काळा चष्मा लावलेला माझाही फोटो दिसला. घरी साखर असतानाही मी त्या दिवशी चहाला चौकात गेलो. संध्याकाळी पुन्हा गेलो, कारण संध्याकाळचा उजेड त्या फोटोवर चांगला पडतो असं टपरीवाला म्हणाला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी दारावर मी. मनगटावर मारायचा शिक्का पुतण्यानं पुण्याहून मागवला होता, तो पुण्यातच राहिला. मग मी घरी जपून ठेवलेला माझा जुना शिक्का आणला. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर जांभळ्या शाईत 'रोख मिळाले' उमटायला लागलं. उमटलं खरं, पण रोख काही मिळत नव्हतं. पहिला आलेला म्हणाला, "तात्या, मला ओळखलं न्हाय व्हय?" त्याला ओळखलं, सोडलं. दुसरा त्याच्याबरोबर होता. तिसऱ्याचा फ्लेक्सवर फोटो होता. चौथ्याचा फोटो नव्हता आणि तो का नव्हता हे विचारायलाच तो आला होता, त्याला तर हाताला धरून पुढच्या रांगेत बसवावं लागलं. बायकांनी एस्टीसारखं अर्धं तिकीट मागितलं. एका आजीबाईंनी कनवटीचं आधारकार्ड काढून पुढं केलं, "पंच्याहत्तर पुरी झाल्यात, मला फुकाट." ज्यांनी पूर्ण पैसे भरले ती बारामती एमआयडीसीतली चार परप्रांतीय पोरं. त्यांना इथं कुणी ओळखत नव्हतं.

आत गेल्यावर लोक रांगेत खुर्च्या लावून बसले. नाचायची जागा म्हणून मोकळी ठेवलेल्या सतरंजीवर पोरंबाळं झोपवली. साडेसहाला सुरू व्हायचा कार्यक्रम साडेसातला सुरू झाला, म्हणजे वेळेवरच. प्रतिमापूजन झालं. दीपप्रज्वलनाच्या वेळी पंखा बंद करायचा की ज्योत विझू द्यायची यावर थोडी चर्चा झाली. मग प्रमुख पाहुणे म्हणाले, "पूजा यंत्राची केली पाहिजे, लक्ष्मी हाय ती." त्यांनी मिक्सरला हळदकुंकू लावलं, ते फटीतून आत गेलं. मग नारळ मागितला आणि कुणी काही बोलायच्या आत सिंहासनाच्या हातावर आपटला. नारळ चांगला पाणीदार निघाला.

पुतण्याच्या तोंडून त्या वेळी जो आवाज निघाला तो मला त्याच्या सगळ्या संगीतापेक्षा जास्त भिडला.

सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, फेटा. सत्कारमूर्ती वीस आणि सत्कार करणारेही वीस, कारण ज्याचा सत्कार करायचा नाही त्याच्या हस्ते तरी करावा लागतो. मग भाषणं. एका पाहुण्यांनी तरुणांनी व्यवसायाकडं वळावं असं सांगितलं, तिथून ते उसाच्या दराकडं वळले, तिथून उजनीच्या पाण्याकडं, आणि उजनी उणे किती टक्क्यांवर गेली होती ते सांगता सांगता साडेनऊ वाजले. दुसऱ्यांनी आभार मानतो म्हणून माईक घेतला आणि आभार सोडून सगळं मानलं.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आमच्या वहिनी आतून चहा झाल्याची हाक मारतात ती किती डेसिबल भरेल हे मला मोजून बघायचं आहे. ते असो. पावणेदहाला पाहुणा डीजे 'वधूपक्ष' मधून बाहेर आला. त्यानं सहा तासांची बांधणी करून आणली होती. हातात पंधरा मिनिटं. म्हणजे त्याच्या हिशेबानं दोन गाणी, त्यांतही दुसऱ्याचं नुसतं तोंड. त्यानं पहिलं लावलं, दुसरं त्यात मिसळायला घेतलं आणि पहिल्याचा खटका खाली ओढला. खटका हलेना. नारळाचं पाणी आणि हळदकुंकू यांचा आत चांगला पाक झाला होता. दोन्ही गाणी एकदम, पूर्ण आवाजात, एकमेकांच्या उरावर बसून वाजायला लागली. पुण्याच्या डीजेनं डोक्याला हात लावला.

लोक मात्र पहिल्यांदाच खुर्च्यांवरून उठले. "आत्ता कुठं रंग भरला!" मामा ओरडले. होय, मामा आले होते. फुकट होतं.

दहाला पाच कमी असताना निवेदकानं माईक घेऊन "एक मिनिट, एक मिनिट" म्हणत संगीत थांबवलं, कारण तालुक्याच्या दुसऱ्या भाऊंचं आगमन झालं होतं.

या रात्रीचा ताळेबंद मी मांडला होता, पण तो बंधूंना दाखवला नाही. पोरगं आठवडाभर माडीवरून खाली आलं नाही. उतरलं ते नवी कल्पना घेऊनच.

"तात्या, सायलेंट डिस्को!"

यात स्पीकरच नसतो. डीजे वाजवतो ते बिनतारी यंत्रातून थेट नाचणाऱ्यांच्या हेडफोनात जातं. बाहेर चिडीचूप. म्हणजे डेसिबल नाही, परवाना नाही, टेम्पो नाही, आणि मुख्य म्हणजे माईकच नसल्यामुळं भाषण नाही. जागा ठरली उजनीच्या पाणलोटाची, भिगवणच्या पुढं, कुंभारगावच्या बाजूला. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी उतरतात. पहाटे सुरू करायचं आणि सूर्य वर येताना संगीत शिगेला न्यायचं, अशी योजना होती. हेडफोन पुण्याहून भाड्यानं आणले. कानांवर निळे दिवे लागणारे होते. अनामत घेऊन ते वाटायचं आणि परत मोजून घ्यायचं काम, सांगायला नको, वसुली खात्याकडं.

पहाटे धुक्यात तीस-चाळीस पोरं-पोरी उजनीच्या काठावर डोळे मिटून नाचायला लागली. मी हेडफोन घातला नव्हता. त्यामुळं मला दिसलं ते असं: पाण्याचा आवाज येतोय, लांब पक्षी काहीतरी बोलतायत, आणि चांगल्या घरची शिकलेली माणसं एक शब्द न बोलता घुमतायत. मध्येच सगळी एकदम थांबायची, हात वर करून आभाळाकडं बघायची, आणि पुन्हा एकदम घुमायला लागायची.

चिलापीची जाळी ओढून आलेले दोन कोळीदादा होडी बांधता बांधता थबकले.

"कुणाचं वारं म्हणायचं हे?"

"आपल्याकडचं न्हाय. पुण्याकडलं दिसतंय."

तासाभरात बातमी गावात गेली. बायका हळदकुंकवाची ताटं घेऊन आल्या. एक म्हातारी सरळ हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका पोरीपुढं गुडघ्यांवर बसली, पदर पसरला आणि म्हणाली, "आई, माझी म्हस कवा इल?" पोरीच्या कानात तेव्हा डिग्वीड होता. तिला वाटलं, फोटोसाठी थांब म्हणतायत. तिनं डोळे न उघडताच विजयाची दोन बोटं वर केली.

"दोन दिसात!" म्हातारी ओरडली. बायकांनी हात जोडले. म्हैस तिसऱ्या दिवशी व्याली, पण एवढा फरक तर हवामान खात्याचाही पडतो.

पक्ष्यांचे फोटो काढणारी मंडळी हातभर लांब नळ्या घेऊन तिथं आधीपासून बसली होती. पोरांच्या रंगीबेरंगी जाकिटांमुळं रोहित लांब सरकतायत अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्यापैकीच कुणीतरी फोन केला असावा. साडेसातला मोटारसायकलवरून एक हवालदार आले.

"डीजे लावलाय म्हणून तक्रार आलीय. कुठाय?"

"हा इथं," मी दाखवला.

त्यांनी कान दिला. टिटवी ओरडली. त्यांनी वही काढली, काय लिहावं याचा विचार केला आणि परत खिशात घातली. मी एक हेडफोन पुढं केला, सवयीनं अनामतही मागितली. त्यांनी ती दिली नाही. टोपी काखेत धरून, हेडफोन चढवून ते उभे राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. पाय किंचित हलल्यासारखा वाटला, पण गोमाशीही असू शकेल. पाचव्या मिनिटाला त्यांनी एक कान मोकळा केला आणि पुतण्याला विचारलं, "गाणं कधी लागणार?"

पुतण्या काही बोलायच्या आत त्यांचा फोन वाजला.

"नाही साहेब," हवालदार म्हणाले, "अजून सुरू व्हायचंय. मी थांबतो."

ते साडेनऊपर्यंत थांबले. त्यांच्याकडचा हेडफोन परत मागायची माझी छाती झाली नाही, पण जाताना त्यांनी तो स्वतःहून दिला आणि "शेवटी शेवटी बरं होतं" असंही म्हणाले. पुतण्याला मिळालेली ही पहिली समीक्षा. वहिनींनी ती सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितली.

तेव्हापासून आमच्याकडं फोन येतात. पुण्याहून नव्हे, मुंबईहून नव्हे. पळसदेव, लासुर्णे, सणसर, बावडा इकडून. पहिला निमगाव केतकीचा होता. पानमळेवाले होते.

"ते बिनआवाजाचं पथक तुमचंच का?"

"आमचंच. बोला."

"त्याचं काय झालंय, घरात दुःख झालंय. चुलतं गेलं. वर्ष व्हायचंय, पण पोरीचं लगीन थांबवता येत न्हाय. वाजवायचं न्हाय असं भावकीत ठरलंय. पण पोरास्नी नाचल्याबिगर..."

"समजलं," मी म्हणालो. "किती हेडफोन?"

"वरात दोनशेची. पण पयला मामाच्या डोक्यावर चढला पायजे. आन मानाच्या पाच जणांस्नी हेडफोनसंगट टॉवेल-टोपी."

इथं मी अडलो. टोपी आधी घालायची का हेडफोन आधी, हे विचारून घेणं आवश्यक होतं. त्यांनी फोनवरच भावकीला विचारलं. पलीकडं बराच वेळ गलका चालला होता. एक बाजू म्हणत होती टोपी मानाची, ती वरच पाहिजे. दुसरी म्हणत होती मग ऐकू कसं येणार. तिसऱ्या कुणीतरी विचारलं की ऐकायचं कुणाला आहे. शेवटी निरोप आला की टोपी रद्द, सगळ्यांना फेटे. मी आमच्या नेहमीच्या फेटेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, हेडफोनवरून बांधतो, पण माणशी वीस रुपये जादा पडतील, आणि एकदा बांधल्यावर गाणं बदलायला सोडून देणार नाही.